पंथाचा पाश आणि परतीची वाट

टोकियो शहरातील भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी, सकाळी कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, तीन मार्गांवरील पाच गाड्यांत सारीन हे विषारी रसायन सोडण्यात आले. द्रवाच्या पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या आणि छत्रीच्या धारदार केलेल्या टोकाने त्या फोडण्यात आल्या. या कृत्यामुळे एकूण १४ माणसे प्राणास मुकली. त्यांतील एक स्त्री तर पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळून २०२० मध्ये मरण पावली. सहा हजारांहून अधिक लोकांना बाधा झाली. छत्री हाती धरणारे सराईत गुन्हेगार नव्हते. एक हृदयरोगाचे शल्यविशारद होते. इतरांपैकी बहुतेक भौतिकशास्त्राचे पदवीधर होते.

‘ओम् शिनरिक्यो’ या पंथाचे हे साधक. इतकी शिकलेली माणसे असल्या नादी लागतात तरी कशी, असा प्रश्न तेव्हा जगभर विचारला गेला. अडाणीपणा हे बुवाबाजीचे नेहमीचे कारण येथे अपुरे पडते.

आरंभ योगवर्गाचा

पंथाचा संस्थापक शोको असाहारा याचे मूळ नाव चिझुओ मात्सुमोतो. जन्म १९५५ सालचा, दृष्टी अधू, शिक्षण अंधशाळेत. बनावट औषधे विकल्याबद्दल १९८२ मध्ये त्याला दंड झाला होता. १९८४ मध्ये त्याने टोकियोत योगाचा वर्ग काढला. पद्मासन घालून तो अधांतरी तरंगत असल्याचे छायाचित्र पुढच्याच वर्षी एका मासिकात झळकले आणि तरुणांची रीघ लागली. १९८६ मध्ये हिमालयात आपणांस मुक्ती लाभली असे तो सांगू लागला. १९८७ मध्ये संस्थेला नवे नाव मिळाले व १९८९ मध्ये धार्मिक संस्था म्हणून कायदेशीर मान्यताही मिळाली.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वर्गात येणारा कोणीही विषवायू सोडण्यासाठी आलेला नव्हता. कोणाला पाठदुखीवर उपाय हवा होता, कोणाला परीक्षेच्या व नोकरीच्या चक्रातून सुटका, तर कोणाला जगण्याचा अर्थ. पंथात प्रवेश करतो असे मुळी कोणाला वाटतच नाही. माणूस एका वर्गात, एका शिबिरात, चार आपुलकीच्या माणसांत जातो. ही आपुलकी पुष्कळदा खरीही असते, आणि म्हणूनच तिचा पाश घट्ट बसतो.

पाश कसा आवळतो

पुढची पायरी गृहत्यागाची. साधकाने घर, नोकरी व आप्तेष्ट सोडून, सारी मालमत्ता पंथाला अर्पण करून फुजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या आश्रमांत राहावयास यावे, असा नियम होता. १९९५ च्या सुमारास जपानमध्ये पंथाचे सुमारे दहा हजार अनुयायी होते व त्यांतील हजाराहून अधिक जणांनी असा गृहत्याग केला होता. आश्रमात आहार अल्प, झोप त्याहून अल्प. गुरूच्या प्रवचनांच्या ध्वनिफिती तासन् तास ऐकावयाच्या. गुरूचे मेंदुतरंग आपल्यात उतरावेत म्हणून विजेच्या तारा जोडलेली टोपी डोक्यावर घालावयाची, आणि तिच्यासाठी भरभक्कम रक्कमही मोजावयाची. पुढे पुढे तर दीक्षाविधीत मादक द्रव्येही देण्यात येऊ लागली.

साधकांना नवी नावे मिळत. कृष्णानंद, मैत्रेय, मंजुश्रीमित्र ही आपल्या परिचयाची नावे त्या यादीत वाचताना मराठी वाचकाला अस्वस्थ वाटल्यावाचून राहत नाही. जुन्या नावाबरोबर जुना माणूसही पुसला जावा, असा त्यामागील हेतू. शब्दांचे अर्थही असेच बदलले. यातना झाल्या की ‘कर्म झडते आहे’ असे म्हणावयाचे. शंका आली तर तो आपल्याच मलिन मनाचा दोष. ‘पोवा’ हा तिबेटी परंपरेतील शब्द मृताच्या चित्ताला उच्च गती देण्याच्या विधीचा, परंतु असाहाराने तो खुनाच्या समर्थनासाठी वापरला. पंथ सोडणाऱ्यास घोर नरक ठरलेला. एकदा ही भाषा अंगवळणी पडली की पहारेकऱ्याची गरज उरत नाही, कारण शंका मांडण्यासाठी लागणारे शब्दच साधकापाशी राहत नाहीत. विचारपरिवर्तनाच्या दडपशाहीचा अभ्यास करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी अशा बंदिस्त भाषेकडे १९६१ मध्येच लक्ष वेधले होते. पुढे त्यांनी या पंथाच्या माजी साधकांच्या मुलाखतीही घेतल्या.

बाहेर उभी असलेली माणसे

मुले परत मिळावीत म्हणून पालक संघटित झाले, तेव्हा त्यांचे काम योकोहामाचे तरुण वकील त्सुत्सुमी साकामोतो यांनी हाती घेतले. नोव्हेंबर १९८९ मध्ये ते, त्यांची पत्नी व सव्वा वर्षाचा मुलगा घरातून नाहीसे झाले. त्यांचे मृतदेह सापडले ते सप्टेंबर १९९५ मध्ये. पंथाच्या माणसांनीच तिघांचा खून केला होता.

त्यांचे काम पुढे नेणाऱ्यांत वकील तारो ताकिमोतो हे होते. त्यांची पद्धत विचार करण्याजोगी आहे. असाहारा ढोंगी आहे असे साधकाला नुसते सांगून उपयोग होत नाही, उलट तो गुरूच्या बाजूने अधिकच ठाम होतो. म्हणून ताकिमोतो यांनी स्वतः पद्मासनात बसून उडी मारण्याचा सराव केला, नेमक्या क्षणी छायाचित्र काढविले आणि १९९३ पासून ते साधकांपुढे ठेवू लागले. गुरूच्या छायाचित्राहून ते काही निराळे दिसत नव्हते! त्यावर त्यांनी फारसे भाष्य करण्याचीही गरज नव्हती. मे १९९४ मध्ये त्यांच्या मोटारीवर सारीन ओतण्यात आले. सुदैवाने ते बचावले.

रेल्वेतील घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलीस आश्रमांत शिरले. विषवायूची सूचना मिळावी म्हणून पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी त्यांनी सोबत नेले होते. त्याच वर्षी ताकिमोतो यांच्या पुढाकाराने माजी साधकांचे एक मंडळ स्थापन झाले. त्याचे नावही कॅनरीच. बाहेर आलेल्यांची दशा बिकट असे. हाती पैसा नाही, नोकरी नाही, घरच्यांना तोंड दाखविण्याची लाज, आणि रात्री मनात पुन्हा तीच मंत्रांची ध्वनिफीत. त्या भीतीचे नाव ठाऊक असलेला दुसरा माणूस समोर बसला की पुष्कळ भार हलका होतो, आणि असा माणूस या मंडळात भेटे.

समाज मात्र इतका समजूतदार नव्हता. अनेक गावांनी पंथीयांची रहिवासी म्हणून नोंद करण्यास नकार दिला. असा नकार बेकायदा असल्याचा निर्णय जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. लोकांचा संताप समजण्यासारखा होता, परंतु ज्याला कोठेच थारा नाही तो पुन्हा पंथाच्याच दारी जातो, हेही तितकेच खरे. असाहारासह १३ जणांना जुलै २०१८ मध्ये फाशी झाली. ज्यांनी पोलिसांपुढे स्वतःहून कबुली दिली त्या शल्यविशारदांना १९९८ मध्येच जन्मठेप झाली होती.

आपल्याकडील तरतुदी

ताकिमोतो यांच्या उडीची हकीकत वाचताना महाराष्ट्रातील गावोगावच्या चमत्कार-प्रयोगांची आठवण होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बुवांचे ‘चमत्कार’ स्वतः करून दाखवीत व मग त्यामागील युक्ती उलगडीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच शासनाने अध्यादेश काढला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी अधिनियम संमत केला.

या अधिनियमाच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. चमत्कार दाखवून पैसे उकळणे वा दहशत बसविणे, सर्पदंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे, तसेच आपण अवतार आहोत किंवा गतजन्मीचे पती आहोत असे भासवून लैंगिक शोषण करणे, ही त्यांतील काही होत. या गुन्ह्यांस सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा असून ते दखलपात्र व अजामीनपात्र आहेत. वारी, कीर्तन, भजन, प्रवचन, उपासना यांना हा कायदा लागू नाही. गुरू करण्यास त्याने मनाई केली आहे, हा समज चुकीचा आहे.

बाहेर पडणाऱ्यासाठी मात्र आणखी एक अधिनियम महत्त्वाचा आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. तो म्हणजे २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियम. जुलै २०१७ पासून तो अंमलात आहे. समाजाच्या पंचांनी वा गटाने एखाद्या कुटुंबाशी व्यवहार तोडणे, त्याला धार्मिक विधींपासून वा विवाहसंबंधांपासून दूर ठेवणे हा त्यान्वये गुन्हा असून, तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादूटोणाविरोधी अधिनियमाखाली नेमलेले दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचे असतात, व तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात नोंदविता येते.