जुन्या 'परम'ला नवा जोडीदार: एका मशीनमध्ये दोन जातींचे प्रोसेसर

हिंगोलीहून मी बोलतोय, आणि हे आपल्या नव्या एपिसोडचं लेखी रूप. एसटीत हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.

आजचा प्रश्न: कॉम्प्युटर जुना पडायला लागला, तर त्यात वेगळ्याच जातीचा प्रोसेसर जोडून त्याला पुन्हा तरणा करता येतो का? येतो. याचं झकास उदाहरण आपल्या पुण्यातच घडलंय.

1980 च्या दशकात भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने दिला नाही. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, म्हणजे वाशिमच्या पलीकडे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. 1991 मध्ये त्यांच्या टीमने 'परम 8000' उभा केला. एकच अजस्र प्रोसेसर घेण्याऐवजी त्यांनी इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या 'ट्रान्सप्यूटर' नावाच्या कितीतरी चिप एकमेकींना जोडल्या. प्रत्येक चिपला चार 'लिंक' होत्या, म्हणजे शेजारच्या चिपांशी बोलायला चार वाटा. काम वाटून घ्यायचं, उत्तरं एकमेकांना कळवायची, असा हिशेब.

मग अडलं कुठे? ट्रान्सप्यूटर बोलण्यात पटाईत, पण आकडेमोडीत मागे पडायला लागला. 1989 मध्ये इंटेलची आय-860 बाजारात आली होती. 40 मेगाहर्ट्झला तिची कागदावरची कमाल होती सेकंदाला 8 कोटी दशांश गणितं! आता काय, ट्रान्सप्यूटर काढून टाकायचे? तसं केलं असतं तर त्यांच्या जोडणीवर आणि सॉफ्टवेअरवर घेतलेली बरीचशी मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून 'परम 8600' मध्ये दोघांना एकत्र नांदवलं. जड आकडेमोड आय-860 कडे, निरोपांची ने-आण ट्रान्सप्यूटरकडे. को-प्रोसेसरची सगळी कल्पना हीच आहे: जुन्याला हाकलायचं नाही, त्याला जमतं ते काम त्याच्याकडेच ठेवायचं.

पण थांबा, इथे एक गोम आहे.

हळदीचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. शेतातून कंद आणायला ट्रॅक्टर एकच, आणि तुम्ही शिजवायला एकाऐवजी चार कुकर लावले. हळद चौपट लवकर शिजून निघेल? नाही. तीन कुकर ट्रॅक्टरची वाट बघत बसतील.

कॉम्प्युटरचंही तसंच. समजा एका प्रोग्रामला 100 मिनिटं लागतात. त्यातली 60 आकडेमोडीत जातात, 40 माहितीच्या ने-आणीत. तुम्ही 20 पट वेगवान चिप बसवली. 60 ची झाली 3 मिनिटं. पण ती 40 तशीच राहिली! एकूण 43. म्हणजे चिप 20 पट, आणि काम जेमतेम सव्वादोन पट लवकर. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला नियम हाच. शिवाय आय-860 साठी प्रोग्राम लिहिणं महाकठीण होतं. तिची कागदावरची कमाल प्रत्यक्षात क्वचितच हाती लागायची.

आता हे तुम्हाला कशाला सांगतोय? कारण तुमच्या खिशातला फोन याच घराण्यातला आहे. त्यात मुख्य सीपीयू, चित्रांसाठी जीपीयू, आणि नव्या फोनमध्ये एआयच्या कामासाठी एनपीयू. वेगवेगळ्या जातींचे प्रोसेसर एकाच चिपवर नांदतात, इतकंच.

तेव्हा नवा फोन घेताना दुकानदार एखादा भलामोठा आकडा तोंडावर फेकेल, तर दोन गोष्टी विचारा. मी वापरतो त्या ॲपचं काम या प्रोसेसरकडे जातं का? आणि मेमरी त्याला वेळेवर माहिती पुरवते का? उत्तर 'नाही' असेल, तर त्या आकड्यासाठी जादा पाच हजार मोजू नका. ते पैसे जादा रॅममध्ये घाला.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!