पस्तीस चिंचोके आणि एक सुतळी

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत मुलांच्या अभ्यासाचा विषय निघाला की बऱ्याच जणी म्हणतात, "आम्ही कुठं एवढ्या शिकलोय, पोरांना काय शिकवणार?" गणित-इंग्रजीचं एकवेळ समजू. पण इतिहासासाठी आईला सगळं माहीत असायची गरजच नाही. पुस्तक घरात आहे, वाचणारं पोरगं घरात आहे. आपण फक्त खेळ मांडायचा आणि प्रश्न विचारायचे.

शिवाजी महाराजांचा इतिहासच घ्या. मुलं सनावळी घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. 1659 काय नि 1674 काय, त्यांच्या लेखी नुसते आकडे. म्हणून आधी एक सुतळी घ्या. एका वितीला दहा वर्षं धरून पाच विती मोजा आणि गाठी मारा. ही झाली 1630 ते 1680, म्हणजे महाराजांचं सगळं आयुष्य. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या करा. एका अंगाला प्रसंग, दुसऱ्या अंगाला साल: शिवनेरीवर जन्म 1630, प्रतापगडावर अफझलखान 1659, पुरंदरचा तह 1665, आग्र्याहून सुटका 1666, रायगडावर राज्याभिषेक 1674. साल झाकून चिठ्ठ्या पिसायच्या आणि मुलांनी त्या दोरीवर कपड्याच्या चिमट्यानं लावायच्या. भांडण झालं तर पुस्तक उघडायचं. भांडण झालेलं चांगलंच, कारण त्या निमित्तानं पुस्तक आपणहून उघडलं जातं.

मग विचारा, राज्याभिषेकाला महाराज किती वर्षांचे होते? मधल्या तीन चिठ्ठ्या एका वितीच्या आत का दाटल्या? हे विचारायला शिक्षण लागत नाही.

दुसरा खेळ पुरंदरच्या तहाचा, आणि मला तो जास्त आवडतो. पस्तीस चिंचोके घ्या. हे महाराजांचे किल्ले. एक मूल महाराज, दुसरं मिर्झाराजे जयसिंग. जयसिंगांची फौज मोठी, पुरंदरला वेढा पडलेला, मुरारबाजी लढता लढता पडले, मुलूख उद्ध्वस्त होतोय. आता महाराज झालेल्या मुलाला विचारा, लढतोस की तह करतोस? त्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मग तेवीस चिंचोके उचलून समोर द्यायला लावा. हातात उरतात बारा. "तेवीस किल्ले दिले" हे वाक्य पोरं दहा वेळा वाचतात, पण चिंचोके जाताना त्यांचे चेहरे बघा! एवढे का दिले, हा प्रश्न तीच विचारतात. पुढं 1670 पासून किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली. कोंढाणा त्याच सालचा, तानाजी मालुसऱ्यांचा. परत घेतलेला एकेक किल्ला पुस्तकातून शोधून सांगितला की एकेक चिंचोका परत.

जयसिंग व्हायला कुणी तयार नसतं. पाळी लावा, पोरींनाही महाराज होऊ द्या. आणि एक गोष्ट जपा. खेळाच्या नादात "ते अमक्या धर्माचे म्हणून शत्रू" असं मुलांच्या डोक्यात बसू नये. औरंगजेबाच्या बाजूनं आलेले जयसिंग राजपूत होते आणि महाराजांच्या आरमारात दौलतखान होते. हे खेळतानाच सांगितलं तर वेगळा उपदेश करावा लागत नाही.

चुकलं म्हणून मारू नका, मार्क देऊ नका. नाहीतर तीही परीक्षाच होते आणि पोरं उठून मोबाइलकडं जातात.

आता सुतळीचा दुसरा तुकडा घ्या, आपल्या घरासाठी. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं, 1972 चा दुष्काळ, मग आईबाबांचं लग्न, गट सुरू झाला ते साल, मुलाचा जन्म. दुष्काळाच्या चिठ्ठीसाठी मुलांना आजीकडं पाठवा. खडी फोडायला कोण जायचं, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, सुकडी कुठं मिळायची, हे तिच्याकडंच मिळेल. फक्त मुलांना सांगून ठेवा, आजीला साल विचारायचं नाही. "तेव्हा धाकटा काका केवढा होता?" असं विचारायचं. तो रांगत होता की शाळेत जात होता, यावरून साल बरोबर निघतं.