वाहत्या पाण्यातली बुरशी

पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या ओढ्याकाठी आपण उभे राहिलात, तर दगडांच्या आडोशाला पिवळट फेस साचलेला दिसेल. फेसात काय पाहायचे, असे आपण म्हणाल. पण त्यातला थेंबभर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरा. चार हात पसरलेले, कोयत्यासारखे वाकडे, वाम माशासारखे लांबट असे कितीतरी चिमुकले आकार त्यात विखुरलेले दिसतील. हे बुरशीचे बीजाणू. बुरशीचे बी म्हणा ना!

बुरशी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती लोणच्यावरची, नाहीतर पावसात भिजलेल्या चपलेवरची. वाहत्या गोड्या पाण्यात तिचे एक निराळेच घराणे नांदते, हे पूर्वी शास्त्रज्ञांनाही नीटसे ठाऊक नव्हते. इंग्लंडात लेस्टर येथे काम करणाऱ्या सी. टी. इंगोल्ड यांनी ओढ्यात कुजणाऱ्या अल्डरच्या पानांवर ही बुरशी पाहिली आणि 1942 साली तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. (हे गृहस्थ 104 वर्षे जगले, 2010 साली वारले.) आज हे घराणे त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आपल्या पश्चिम घाटातल्या ओढ्यांतही ते आढळले आहे.

बीजाणूला चार हात कशाला? शेतातला सराटा आठवा. कसाही पडो, एक काटा वर राहतो आणि बाकीचे जमिनीला टेकतात. या बीजाणूचेही तसेच. प्रवाहात गडगडत जाताना पान भेटले, की तीन हातांची टोके एकदम टेकतात आणि पाण्याच्या ओढीतही तो घट्ट बसतो. मग त्यातून तंतू फुटतात आणि पानाच्या आत शिरतात.

पण पानावर बुरशी एकटी नसते. तेच पान जीवाणूंनाही हवे असते. जीवाणू अन्न मिळाले की भराभर वाढतात. बुरशी बिचारी तंतू-तंतूने पुढे सरकते. वेगात तिचा निभाव लागायचा नाही. तेव्हा काही जातींची बुरशी आपल्या अंगातून अशी द्रव्ये सोडते, की शेजारच्या जीवाणूंची वाढच खुंटावी. जीवाणूही काही गप्प बसत नाहीत, तेही बुरशीला मागे रेटतात. आपण ज्याला कुजणे म्हणतो, त्या शांत दिसणाऱ्या गोष्टीत ही अशी हातघाई चाललेली असते.

हे शास्त्रज्ञांना कळते कसे? रीत अगदी सोपी आहे. अगार घातलेल्या काचेच्या थाळीत जीवाणू पेरतात. एका रात्रीत त्यांचा गढूळ थर चढतो. पेरतानाच मध्यभागी कागदाची लहानशी चकती ठेवतात, बुरशीच्या अर्कात बुडवलेली. अर्कात दम असेल, तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल रिंगण दिसते. तेवढ्या जागेत जीवाणू उगवलेच नाहीत! पुढे त्या अर्कातले नेमके कोणते द्रव्य हे करते, ते वेगळे काढायचे. हे काम मात्र फार किचकट. अमेरिकेतील इलिनॉय व आयोवा येथील शास्त्रज्ञांनी अशा खटपटीतून ‘अँग्विलोस्पोरा लाँगिसिमा’ या ओढ्यातल्या बुरशीपासून ‘अँग्विलोस्पोराल’ नावाचे द्रव्य मिळवले आणि 1995 साली जाहीर केले. जीवाणू आणि इतर बुरशी या दोहोंनाही ते आळा घालते. या बुरशीचा बीजाणूच वाम माशासारखा लांब असतो. लॅटिन भाषेत वामेला ‘अँग्विला’ म्हणतात, त्यावरून हे नाव.

एवढा खटाटोप कशासाठी? पेनिसिलीन बुरशीनेच दिले, 1928 साली. 1955 साली आपल्या पिंपरीच्या कारखान्यातही ते तयार होऊ लागले. पूर्वी ज्या दुखण्यात माणूस हातचा जायचा, ती चार-दोन इंजेक्शनांत बरी होऊ लागली. पण आज अनेक जंतू जुन्या औषधांना दाद देत नाहीत. नवी औषधे हवीत, आणि जमिनीतले जीव तर शास्त्रज्ञांनी पुष्कळच चाळून पाहिले आहेत; तेच तेच द्रव्य पुन्हा हाती येते. म्हणून कमी धुंडाळलेल्या जागी, ओढ्यात, पाहायचे.

तरीही घाई नको. अँग्विलोस्पोरालचे औषध झालेले नाही. थाळीतले रिंगण निराळे आणि रोग्याचे शरीर निराळे. जे द्रव्य जंतूला मारते ते आपल्या पेशींनाही मारत असेल, तर ते विषच. कधी द्रव्य चांगले असते, पण इतके थोडे मिळते की पुढची परीक्षाच करता येत नाही.

आणि एक गंमत अशी, की ओढ्यातून आणलेली बुरशी प्रयोगशाळेत साखरपाण्यावर पोसली, तर ती पुष्कळदा आपली ही द्रव्ये करायचेच सोडून देते. खायला भरपूर, शेजारी कोणी नाही. मग शस्त्र परजायचे कोणासाठी? म्हणून आता काही संशोधक तिच्या बाटलीत मुद्दाम जीवाणू सोडतात आणि ती काय करते, ते पाहत बसतात.