मोटारीचें दार आणि स्पीकरचा आवाज

मोटार विकत घेणारा मनुष्य बॉनेट उघडून इंजिन पाहातो, टायर दाबून पाहातो, गादीवर बसून पाहातो. दाराचें पॅड उघडून आंतला स्पीकर पाहाणारा ग्राहक मात्र क्वचितच आढळतो. कारखानदारालाहि ही गोष्ट ठाऊक असते, आणि जेथें दोन पैसे वांचविणें शक्य असतें तेथें तो बहुधा येथेंच प्रथम वांचवितो. ज्यांस हल्लीं एस्. यू. व्ही. म्हणतात अशा उंच, धिप्पाड गाड्यांत हा दोष विशेष जाणवतो. त्यांचे टायर रुंद, अंग चौकोनी, वाऱ्याला सामोरा जाणारा भाग मोठा. त्यामुळें गाडी ताशीं ऐंशी किलोमीटरच्या वेगानें धावूं लागली कीं खालच्या पट्टींतला एक अखंड घरघराट सुरू होतो. उभ्या गाडींत जी ठुमरी भरदार वाटत होती तिच्यांतला डग्गा या घरघराटांत बुडून जातो आणि तबल्याच्या चाटीवरचा टणत्कार तेवढा कानावर येत राहातो. मालक आवाज वाढवितो, आवाज फाटूं लागतो, आणि मग नवे स्पीकर घालण्याचा विचार त्याच्या मनांत येतो.

विचार योग्यच आहे. परंतु या व्यवहारांत पैसे वायां जातात ते बहुधा एकाच कारणानें. खोक्यावर छापलेला आंकडा पाहून स्पीकर घेतला जातो, आणि तो ज्या दारांत बसावयाचा त्या दाराचा विचार कोणी करीत नाहीं. साधाच स्पीकर नीट बंद केलेल्या दारांत जितका चांगला वाजेल तितका त्याच्या तिप्पट किंमतीचा स्पीकर भोंकें उघडीं असलेल्या दारांत वाजणार नाहीं.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं स्पीकरची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे. आज घराघरांतून आणि गाडीगाडींतून जो स्पीकर वाजतो त्याचा पाया जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघां अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधानें घातला. पांच वर्षांनीं, १९३० सालीं, शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीनें ‘मोटोरोला’ या नांवानें मोटारींतला रेडिओ बाजारांत आणला, आणि स्पीकर चाकांवर चढला. लोहचुंबकाच्या खांचेंत तारेचें एक हलकें वेटोळें, आणि त्याला चिकटविलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंक्वाकृति पडदा, एवढाच त्याचा संसार. वेटोळ्यांतून गाण्याचा विद्युत्प्रवाह खेळूं लागला कीं पडदा पुढेंमागें हालतो व हवेला ढकलतो. पण ज्या क्षणीं तो पुढची हवा दाबतो त्याच क्षणीं मागची हवा ओढतो. म्हणजे प्रत्येक स्पीकर एकाच वेळीं दोन लाटा उत्पन्न करतो, आणि त्या दोन्ही परस्परांच्या नेमक्या विरुद्ध असतात.

वरच्या सुरांत यानें फारसें बिघडत नाहीं. खालच्या सुरांत मात्र सर्वच बिघडतें. सेकंदाला १०० आंदोलनें असलेल्या स्वराची लाट सुमारें ३.४ मीटर लांब असते. सोळा सेंटिमीटरच्या स्पीकरला वळसा घालून पलीकडे जाणें तिला कांहींच कठीण नाहीं. पुढची लाट मागें आणि मागची पुढें येते, व दोघी मिळून एकमेकींस पुसून टाकतात. ज्याला याची प्रचीति पाहावयाची असेल त्यानें सुटा स्पीकर हातांत धरून वाजवावा. आवाज डालड्याच्या रिकाम्या डब्यांतून आल्यासारखा पातळ येतो. मग एका मोठ्या फळीला स्पीकरच्या मापाचें भोंक पाडून तो तींत घट्ट बसवावा. तोच स्पीकर, तीच ताकद. पण डग्गा एकदम उभा राहातो.

मोटारीचें दार हीच ती फळी. पण तिची अवस्था काय असते? कांच वरखालीं करणारें यंत्र बसवितां यावें म्हणून पुष्कळ गाड्यांत दाराच्या आंतल्या पत्र्याला हाताचा पंजा सहज शिरेल एवढालीं भोंकें ठेवलेलीं असतात आणि त्यांवर प्लॅस्टिकचा एक पातळ कागद चिकटविलेला असतो. हा कागद पाणी अडवितो, लाट अडवीत नाहीं. बाहेरचा पत्रा एका मिलिमीटरहूनहि पातळ. स्पीकरनें मागची हवा हालविली कीं तोहि थरथरूं लागतो. येथें वाद्यांचा दाखला घेणें उपयोगाचें होईल. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तारेबरोबर घुमतो, आणि त्यानें घुमावें म्हणूनच कारागीर तो पारखून घेतो. दाराचें कर्तव्य बरोबर उलट आहे. गाणाऱ्याचा सूर आधींच लागलेला आहे; दारानें त्यांत आपला सूर मिसळूं नये, मुकाट्यानें उभें राहावें.

त्यासाठीं ब्यूटिल रबराला ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या ज्या जाड पट्ट्या मिळतात, ज्यांस दुकानांत ‘डँपिंग शीट’ म्हणतात, त्या स्पीकरच्या मागें बाहेरच्या पत्र्याच्या आंतल्या अंगाला रोळ्यानें दाबून चिकटवाव्या. पत्र्यावर बोटाच्या पेरानें टिचकी मारून पाहावी. आधींचा ‘ठण्’ जाऊन ‘ठप्’ असा मेलेला आवाज आला कीं पुरे. सबंध दार मढविण्याचा आग्रह दुकानदार धरतो, त्यांत त्याचा लाभ उघडच आहे; पत्र्याचा पाव ते एकतृतीयांश भाग झांकला तरी बहुतेक काम होतें, आणि बिजागऱ्यांवर विनाकारण भार पडत नाहीं. गच्चीसाठीं मिळणाऱ्या डांबरी पट्ट्या स्वस्त पडतात खऱ्या, पण वैशाखांतल्या उन्हांत त्या मऊ होतात व गाडीभर त्यांचा वास सुटतो. आंतल्या पत्र्याचीं मोठीं भोंकें पातळ ताठ पत्र्याचे तुकडे लावून किंवा त्याच पट्ट्यांनीं बंद करतां येतात. मात्र दुरुस्तीच्या वेळीं तीं पुन्हां उघडतां आलीं पाहिजेत, आणि कुलपाच्या दांड्या व कांचेच्या दोऱ्या यांना कोठेंहि अडथळा होतां कामा नये.

येथें दोन गोष्टी विसरून चालत नाहींत. पहिली पाण्याची. दाराचा आंतला भाग हा माजघर नसून अंगण आहे. कांचेच्या फटींतून पावसाचें पाणी आंत शिरतें, आणि दाराच्या खालच्या कडेला ठेवलेल्या छिद्रांवाटे बाहेर पडतें. कोंकणांतल्या आषाढांत ज्यानें गाडी उभी केली आहे त्याला हें सांगावयास नको. उत्साहाच्या भरांत हीं छिद्रें बुजविलीं कीं दाराचें पिंप होतें व पत्रा आंतून गंजतो. प्लॅस्टिकचा कागद फाटका ठेवून पॅड लावलें कीं तें पाणी पायाखालच्या गालिच्यांत उतरतें.

दुसरी गोष्ट कानाची नसून जिवाची आहे. कांहीं गाड्यांत बाजूच्या एअरबॅगला सूचना देणारें यंत्र दाराच्या पोकळींत बसविलेलें असतें, आणि तें हवेचा दाब मोजतें. बाजूनें धडक बसून पत्रा आंत चेपला कीं पोकळींतला दाब एकाएकीं वाढतो व त्यावरून एअरबॅग उघडते. दाराच्या पत्र्याला नवें भोंक पाडलें, स्पीकरभोंवतीं फट ठेवली, किंवा त्या यंत्रावरच पट्टी चिकटविली, तर त्याचा हिशेब चुकूं शकतो. म्हणून गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक आधीं वाचावें व दारांत असें यंत्र आहे कीं काय हें कंपनीच्या कार्यशाळेंत विचारून घ्यावें. असल्यास जुन्याच मापाचा स्पीकर जुन्याच जागीं रबरी वेष्टनासह बसवावा, आणि पत्र्याची कापाकापी किंवा भोंकें बुजविण्याचा खटाटोप करूं नये. पुढच्या कांचेलगतच्या खांबांत ट्वीटर बसवितांना हीच सावधगिरी हवी. छतालगत घडी करून ठेवलेली पडद्याची एअरबॅग पुष्कळदां त्या खांबाच्या आच्छादनामागें उतरलेली असते. तेथें स्क्रू मारणें म्हणजे आवाजासाठीं जीव गहाण ठेवणें होय.

आतां स्पीकरच्या निवडीकडे वळावें. खोक्यावर ‘५०० वॅट’ असें ठळक छापलेलें असतें. त्याची किंमत साध्या गणितानें कळते. इंजिन चालू असतां गाडींत सुमारें १४.४ व्होल्ट मिळतात. स्टीरिओच्या पोटांतला अॅम्प्लिफायर एवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला, कितीहि खटपट केली तरी, सुमारें २६ वॅटच देऊं शकेल. झीज वजा जातां न फाटलेला असा आवाज अठरावीस वॅटांचा निघतो. जो देणारा वीस देतो त्याच्यापुढें पांचशेंची झोळी पसरण्यांत अर्थ नाहीं. पाहावयाचा आंकडा निराळाच आहे, आणि तो बारीक अक्षरांत असतो; तो म्हणजे एका वॅटला एका मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो हा. ८८ डेसिबलच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठीं २० वॅट लागतात तेवढ्यासाठीं ९१ च्या स्पीकरला १० पुरतात. स्टीरिओ जुनाच ठेवावयाचा असेल तर ९० किंवा त्याहून अधिक आंकड्याचा स्पीकर शोधावा आणि वॅटांचे आंकडे वाचूंच नयेत.

ओहमकडे मात्र डोळेझांक करतां येत नाहीं. मोटारींतले स्पीकर बहुधा चार ओहमचे असतात, परंतु वेगळा अॅम्प्लिफायर घालून दिलेल्या कांहीं गाड्यांत दोन ओहमचेहि आढळतात. मल्टिमीटरनें जुना स्पीकर मोजला असतां चार ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.६ दाखवितो. चारच्या जागीं दोनचा लावला तर अॅम्प्लिफायरवर दुप्पट प्रवाहाचा बोजा पडून तो तापतो व एखादे दिवशीं जळतो.

माप पाहावें तर साडेसहा इंची, म्हणजे सुमारें १६५ मिलिमीटरचा गोल स्पीकर सर्वांत रूढ. टोयोटाच्या कांहीं मोठ्या गाड्यांच्या पुढील दारांत ६ × ९ इंची लंबवर्तुळाकृति असतो. रुंदीपेक्षां खोलीच अधिक फसविते. उतरलेली कांच स्पीकरच्या चुंबकामागूनच खालीं जाते, म्हणून खोली मोजावयाची ती कांच पूर्ण उतरवून.

एस्. यू. व्ही. मध्यें बसणाऱ्याचे कान उंच आणि दारांतला स्पीकर नडगीजवळ. खालचे सूर सर्वत्र पसरतात, पण वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. ते पायाशींच आपटून मरतात. म्हणून पुढील दारांसाठीं वूफर व ट्वीटर वेगळे असलेला ‘कॉम्पोनंट’ संच घ्यावा, आणि ट्वीटर आरशाच्या कोपऱ्यांत किंवा कारखान्यानें दिलेल्या जागीं वर बसवावा. एकाच चौकटींत दोन्ही असलेला ‘कोॲक्सियल’ स्पीकर मागील दारांना पुरतो. खरें म्हणजे मागच्या दारांवर खर्च करण्याची घाईच नको. गाडी चालविणारा पुढें बसतो आणि गवयीहि समोरच बसलेला शोभतो.

सर्वच गाड्यांना दाराचें हें शास्त्र लागूं पडतें असें नाहीं. जीप कंपनीच्या रँग्लर गाडीचीं दारें काढून ठेवतां येतात. म्हणून २००७ पासून विकल्या गेलेल्या तिच्या ‘जेके’ पिढींत स्पीकर डॅशबोर्डच्या खालच्या टोकांना व डोक्यावरच्या आडव्या पट्टींत बसविलेले होते. अशा उघड्या गाडींत पाणी व धूळ सोसणारे, नौकांसाठीं बनविलेले स्पीकर घ्यावे लागतात.

दार कितीहि चांगलें बंद केलें तरी त्यालाहि मर्यादा आहे. तोच आवाज एक सप्तक खालीं काढावयाचा तर पडद्याला चौपट अंतर हालावें लागतें. म्हणून अगदीं खालचे सूर, समजा ८० आंदोलनांखालचे, स्टीरिओंतल्या फिल्टरनें दाराकडून काढून घेऊन गादीखालच्या लहान वूफरच्या पेटीकडे सोंपविले, तर दारांतला स्पीकर मोकळा होतो व अधिक आवाजांतहि फाटत नाहीं. रस्त्याच्या घरघराटावर यासारखा उपाय नाहीं.

बसविण्याचें काम कठीण नाहीं, चिकाटीचें आहे. प्रथम बॅटरीची ऋण वायर काढावी व कांहीं मिनिटें थांबावें. पॅडचे स्क्रू मुठीच्या आणि आंतल्या हँडलच्या टोपणांखालीं दडलेले असतात. बाकीचें पॅड क्लिपांवर असतें व प्लॅस्टिकच्या पट्टीनें उचकटावें लागतें. दोनचार क्लिपा मोडणारच, तेव्हां त्या आधींच आणून ठेवाव्या. मूळ स्पीकर रिबिटांनीं ठोकलेला असल्यास रिबिटा ड्रिलनें काढाव्या, पण नवा स्पीकर तेव्हां दूर ठेवावा. लोखंडाचा कीस चुंबकाला एकदां चिकटला कीं तो निघत नाहीं. नव्या स्पीकरखालची रिंग प्लॅस्टिकची असावी, एम्. डी. एफ्. ची पावसानें फुगते. रिंग आणि पत्रा यांमध्यें फोमची पट्टी, आणि स्पीकर व पॅडची जाळी यांमध्येंहि फोमचें कडें घालावें, नाहींतर आवाज पॅडच्या मागेंच खेळत राहातो. मूळ वायरी कापूं नयेत. गाडीच्या मापाचा कपलर मिळतो तो लावावा.

जोडणी उलट झाली तर मात्र सर्व खटाटोप फुकट जातो, कारण मग डावा स्पीकर हवा ढकलीत असतां उजवा ओढतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर स्पीकरच्या टोकांना लावून पाहावा. धन टोक धन टोकाला लागलें असेल तर पडदा बाहेर येतो. सर्व जोडून झाल्यावर, पॅड लावण्यापूर्वीं, आकाशवाणीच्या बातम्या लावाव्या. निवेदकाचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यावरून आला पाहिजे. तो दोन कोपऱ्यांत विखुरला, आणि बॅलन्सचें बटण एका बाजूला पूर्ण वळवितांच खालचा सूर कमी होण्याऐवजीं वाढला, तर एका दारांतल्या वायरी उलट आहेत असें समजून त्या बदलाव्या. नंतर प्लॅस्टिकचा कागद ब्यूटिलच्या पट्टीनें सर्व कडांनीं चिकटवून, कांच बंद करून तिच्यावर पांच मिनिटें पाणी सोडावें. दाराच्या खालच्या छिद्रांतून धार लागली आणि आंतला गालिचा कोरडा राहिला, म्हणजे पॅड दाबून बसविण्यास हरकत नाहीं.