एक चूल, अनेक नाती : मराठी साहित्यातील समलिंगी स्नेह आणि सहनिवास

१

मराठी समीक्षेने समलिंगी संबंधांचा विचार केला तो प्रामुख्याने दोन अंगांनी. लेखकाने हा विषय हाताळण्याचे धाडस दाखविले, ही नोंद एकीकडे. आणि पात्राच्या मनोरचनेचा उलगडा दुसरीकडे. दोन्हींचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु या दोन्ही दृष्टींत लक्ष केंद्रित होते ते एकट्या व्यक्तीच्या ओढीवर. ही माणसे राहतात कोठे, कोणासोबत जेवतात, आजारपणात त्यांच्या उशाशी कोण बसते, आणि प्रेम ओसरल्यानंतर ती परस्परांची कोण उरतात, हे प्रश्न जवळजवळ अस्पर्शित राहिले आहेत. विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' (१९८१) हे नाटक, सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी आणि लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' (२०१२) हे आत्मकथन, या तीन कृतींच्या आधारे या प्रश्नांची मांडणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. 'क्वीअर' ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने योजिली आहे. स्त्री-पुरुष विवाहाच्या चौकटीत ज्यांची ओढ वा ज्यांचा लिंगभाव सामावत नाही, अशा सर्वांचा तीत अंतर्भाव होतो.

लेखाचे मुख्य प्रतिपादन असे : रक्ताच्या वा विवाहाच्या नात्याबाहेरचा सहनिवास मराठी समाजाला मुळीच अपरिचित नाही, मात्र तो तात्पुरता असावा, या अटीवरच समाजाने त्याला मान्यता दिली. वरील कृतींतील खरा संघर्ष या अटीशी आहे.

२

या प्रतिपादनाची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी रत्नागिरीइतका उपयुक्त प्रदेश दुसरा नाही. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंतच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना आणि गोदीला पिढ्यान् पिढ्या माणसे पुरविली. हे चाकरमानी मुंबईत एकेकटे राहिले नाहीत. एका गावच्या वा वाडीच्या पुरुषांनी मिळून खोली घ्यावी, पाळीपाळीने तीत झोपावे, भाडे वाटून घ्यावे आणि एकाच खाणावळीत जेवावे, ही गिरणगावातील रीत होती. गोव्याहून आलेल्यांची 'कूड' ही याच जातीची संस्था. नवा माणूस गावाहून आला की त्याची वळकटी याच खोलीत पडे. कोणाची नोकरी सुटली तर त्याचे भाडे इतर भरत. कोणी आजारी पडला तर शुश्रूषा सोबतीच करीत. म्हणजे कुटुंबाकडून अपेक्षिली जाणारी बहुतेक कामे हे खोलीतले सोबती करीत असत.

आणि तरीही त्या खोलीला कोणी 'घर' म्हटले नाही. घर गावी होते. तेथे बायको, आईवडील, जमिनीचा तुकडा आणि गणपती होता. मुंबईची खोली ही त्या घरासाठी सोसावयाची गैरसोय, असेच तिचे स्थान राहिले. गावच्या घराचा आधार असल्यामुळेच या खोलीतील पुरुषांच्या निकटतेकडे कोणी संशयाने पाहिले नाही, असेही म्हणता येईल. या खोल्यांमधील स्नेहावर आजच्या संज्ञा लादण्याचा येथे उद्देश नाही. तसे करणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, पुरुषांनी एकत्र राहणे मान्य होण्याची अट 'घर अन्यत्र असणे' ही होती.

साठोत्तरी कादंबरीतही हीच रचना दिसते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकराचे पुण्यातील वसतिगृह मित्रांनी गजबजलेले आहे, परंतु कादंबरीची गती अखेरीस त्याला सांगवीकडे परत नेते. 'बिढार' (१९७५) हे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. बिढार म्हणजे आज येथे तर उद्या तेथे असा मुक्काम. मराठी भाषेत 'घर', 'बिऱ्हाड', 'बिढार', 'खोली' हे शब्द निव्वळ वास्तूचे निदर्शक नाहीत. स्थैर्याच्या उतरत्या पायऱ्या ते दाखवितात. क्वीअर सहनिवासाला भाषेने आजवर दिलेली जागा शेवटच्या पायरीवरची आहे.

३

लैंगिकतेच्या खुल्या चर्चेची मराठीतील सुरुवातही रत्नागिरी जिल्ह्याशी जोडलेली आहे. दापोली तालुक्यातील मुरुड हे कर्वे घराण्याचे गाव. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकाने दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता, आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. निकाल कर्व्यांच्या विरोधात गेला; परंतु अशा बाबींविषयी विचारण्याचा व उत्तर मिळविण्याचा वाचकाला अधिकार आहे, ही भूमिका मराठीत नोंदली गेली.

या कार्याची मर्यादाही त्याच्या स्वरूपातच होती. प्रश्नोत्तराचे सदर हे एकेकट्या वाचकाचे संपादकाशी चाललेले संभाषण असते. विचारणारे एकमेकांना ओळखत नाहीत, भेटत नाहीत, मग एकत्र राहण्याची गोष्ट दूरच. कर्व्यांनी व्यक्तीला अपराधभावनेतून सोडविण्याचा प्रयत्न केला. सुटल्यानंतर तिने कोणाच्या सोबतीने जगावे, हा प्रश्न त्या चौकटीत उपस्थित होणे शक्य नव्हते.

४

तो प्रश्न रंगभूमीवर आला 'मित्राची गोष्ट'मध्ये. विनय आपटे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती. स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्याच्या महाविद्यालयीन जीवनात ते घडते. सुमित्रा, म्हणजेच मित्रा, नमा देशमुख हिच्या प्रेमात पडते, आणि ही कथा सांगतो तो मित्राचा मित्र बापू. शीर्षकातील द्वयर्थ सहज ध्यानात येतो : ही मित्रा नावाच्या मुलीची गोष्ट आहे, तशीच ती 'मित्र' या नात्याचीही आहे.

नाटकाच्या चर्चेत मित्राच्या स्वभावाकडे आणि शोकान्ताकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे बापूच्या खोलीकडे गेले नाही. मित्रा आणि नमा यांना भेटण्यासाठी जागा नाही. ती जागा मित्रा बापूकडे मागते. बापू आणि पांडे या दोन तरुणांनी एका खोलीत राहणे कोणालाही खटकत नाही. त्याच खोलीचे दार दोन मुलींनी आतून लावून घेणे हे मात्र नाटकातील सर्व संकटांचे मूळ ठरते. खोली तीच, वापर बदलला की तिचा अर्थ बदलतो. शिवाय ती खोली मित्राची कधीच नाही. मित्राचे प्रेम उसन्या जागेत, उसन्या वेळेत वाढते, आणि जागेचा मालक जेवढा धीर दाखवील तेवढेच टिकते.

त्यामुळे या नाटकातील सर्वांत गुंतागुंतीचे नाते मित्रा व नमा यांचे नसून मित्रा व बापू यांचे आहे. बापू प्रारंभी तिच्याकडे आकृष्ट झालेला तरुण. नंतर तिच्या गुपिताचा राखणदार. मग नाइलाजाने झालेला मदतनीस. आणि अखेर थकून बाजूला झालेला साक्षीदार. नाते इतक्या वेळा रूप पालटते, परंतु प्रत्येक रूपासाठी बापूजवळ शब्द एकच आहे, 'मित्र'. शब्दाच्या या तोकडेपणात त्याची कुचंबणा आहे. मित्राच्या आत्महत्येचे कारण केवळ प्रेमभंगात शोधणे अपुरे ठरते. प्रेमभंगानंतर ज्या स्नेहवर्तुळात परतावे असे वर्तुळच तिच्याभोवती उरलेले नाही. प्रेम जाणे हा कोणाच्याही आयुष्यातील प्रसंग असू शकतो. प्रेमाबरोबर सारी सोबतच जाणे ही तिच्या परिस्थितीची खास देणगी आहे.

५

'मित्राची गोष्ट'नंतर पंचवीस वर्षांनी आलेल्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये खोली पुन्हा केंद्रस्थानी आहे, मात्र ती आता मध्यमवर्गीय कुटुंबाच्या घरातच आहे. पुण्यातील जोशी कुटुंब 'पेइंग गेस्ट' म्हणून एका तरुणाला ठेवते. घरातील मुलगा तनय आणि मुलगी अनुजा दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो आणि ती परतते. कादंबरी दोन निवेदनांत विभागली आहे. पहिले तनयचे, निघून गेलेल्या प्रियकराला उद्देशून केलेले. दुसरे अनुजाचे, दैनंदिनीच्या रूपातले. ज्याच्याभोवती सारे फिरते त्या तरुणाला नाव नाही.

'पेइंग गेस्ट' ही संज्ञाच येथे अर्थपूर्ण आहे. पाहुणा आणि भाडेकरू यांच्या मधले हे स्थान : घरात आहे, पण घरचा नाही. तनयला या संदिग्धतेचा काही काळ लाभ होतो, कारण दोन तरुणांनी एका खोलीत तासन् तास बसण्याबद्दल घराला कसलीही शंका येत नाही. परंतु जी सवलत प्रेमाला आडोसा देते, तीच दुःखाला अदृश्य करते. अनुजाचे दुःख घराला अडचणीचे वाटले तरी ते दिसते, त्यावर उपाययोजना होते. तनयने काय गमावले याची घरात कोणालाच कल्पना नाही. एकाच छपराखाली, एकाच माणसासाठी झुरणारी ही दोन भावंडे वाचकाला शेजारी शेजारी दिसतात. त्यांची निवेदने मात्र एकमेकांना ऐकू येत नाहीत. सहनिवास आहे, पण सहवेदना नाही, ही या रचनेची मर्मभेदक बाजू. तेंडुलकरांची मित्रा घराबाहेर एकटी पडते. कुंडलकरांचा तनय घरात.

६

'मी हिजडा, मी लक्ष्मी!'मध्ये या प्रश्नाची तिसरी मांडणी आढळते. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेल्या या आत्मकथनात हिजडा समाजातील गुरू-चेला परंपरेचे आतून घडणारे दर्शन आहे. येथील सहनिवास उसन्या खोलीतला नाही. घराणे, गुरू, चेला, गुरुभाई, नातीचेला अशी त्याची स्वतःची नातेव्यवस्था आहे. मराठी वाचकाला परिचित असलेल्या सर्व क्वीअर सहनिवासांत हा सर्वांत जुना, आणि टिकाऊपणाचे नियम स्वतः घडविणारा.

एका बाबीकडे विशेष लक्ष वेधावयास हवे. चेल्याला गुरू बदलता येतो. परंतु त्यासाठी सामान्यतः पंचांसमोर बोलणे होऊन ठरलेली रक्कम द्यावी लागते. म्हणजे नाते पालटणे हा येथे अपघात मानलेला नाही, त्याची रीत आहे. बापू आणि मित्रा यांच्याजवळ, किंवा तनयजवळ, नेमकी हीच रीत नव्हती. अर्थात या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचेही कारण नाही. तीत उतरंड आहे, दंड आहे, कमाईवर गुरूचा हक्क आहे. लक्ष्मी यांनी जन्मघराशी असलेला संबंध न तोडता हिजडा समाजात स्थान मिळविले, आणि या दुहेरी निष्ठेतील ताण हा आत्मकथनाचा एक लक्षणीय भाग आहे. सुरक्षितता आणि स्वायत्तता यांतील देवघेव कोणत्याही कुटुंबात असते. येथेही ती आहे. तसेच हिजडा परंपरा, सीमाभागातील यल्लमाचे जोगते (राजन गवस यांची 'भंडारभोग' ही कादंबरी या संदर्भात आठवावी) आणि नागर समलिंगी स्त्रीपुरुष यांना सरसकट एका मापाने मोजणे योग्य नाही. धर्म, जात व उपजीविका यांनी त्यांची घरे वेगवेगळी घडविली आहेत.

७

साहित्याबाहेरही या काळात नव्या प्रकारच्या सोबती आकाराला येत होत्या. मुंबईत १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट, १९९५ मध्ये स्त्री संगम (पुढे 'लेबिया') आणि २००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचा समपथिक ट्रस्ट, ही त्यातील काही ठळक नावे. कर्व्यांच्या सदरात एकमेकांना न भेटलेले वाचक आता एका खोलीत बसू लागले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. अशा वर्तुळांत जुना प्रियकर पुढे भाऊ होतो, पूर्वीची जोडीदारीण जवळची मैत्रीण म्हणून त्याच घरात राहते, एकाची आई दुसऱ्याची मावशी होते. वर्तुळ लहान असल्यामुळे नाते तुटले तरी माणूस सहज दूर जात नाही. नात्याला नवे रूप द्यावेच लागते. त्यातून ईर्ष्या, अवघडलेपण आणि असाधारण जिव्हाळा ही तिन्ही निर्माण होतात. बापूला न सापडलेला शब्द या वर्तुळांनीही अद्याप शोधलेला नाही. पण त्या शब्दाने निर्देशिले जाणारे आचरण त्यांनी घडविले आहे.

कायद्याची गती याहून मंद आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीपूर्वक समलिंगी संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क नाकारला. मात्र २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीला आपला प्रतिनिधी म्हणून नातेवाईक नसलेल्या व्यक्तीचेही नाव देण्याची मुभा दिली आहे. २०२४ मध्ये केंद्र शासनाने शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले मानण्याची सूचना राज्यांना केली, आणि मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हा कुटुंबाचा एकमेव पाया नसल्याचे सांगून स्वतः निवडलेल्या कुटुंबाची कल्पना मान्य केली. यापेक्षाही जुनी एक गोष्ट शासनाच्याच कागदपत्रांत आहे. भारतीय जनगणना रक्ताचे नाते विचारण्यापूर्वी चूल विचारते : सामान्यतः एकत्र राहून एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे ती एक घर म्हणून मोजते, मग ती परस्परांची कोणी असोत वा नसोत. चूल वेगळी होणे म्हणजे कुटुंब विभक्त होणे, हे मराठी भाषाही जाणते. एक चूल मांडणे म्हणजे कुटुंब होणे, हे मात्र म्हणावयास ती अजून कचरते.

८

तिन्ही कृती एकत्र वाचल्या असता एक क्रम दिसतो. पहिलीत जागा नाही, म्हणून नाते कोसळते. दुसरीत जागा आहे, परंतु नात्याला नाव नाही, म्हणून दुःख मुके राहते. तिसरीत जागा आणि नाव दोन्ही आहेत, पण त्यांची किंमत उतरंडीत मोजावी लागते. समान पातळीवरच्या स्नेह्यांनी दीर्घकाळ चालविलेले, प्रेम येऊनजाऊन टिकलेले घर मराठी साहित्यात मध्यवर्ती आशयविषय म्हणून अजून यावयाचे आहे. ते आल्यास केवळ एका अल्पसंख्य समूहाचे चित्रण पूर्ण होईल असे नाही. वृद्धापकाळी एकत्र राहणाऱ्या विधवा मैत्रिणी, अविवाहित बहिणी, एका खोलीत हयात काढलेले चाकरमानी, यांच्या जगण्यालाही मग 'तात्पुरते' या विशेषणाखेरीज दुसरे काही म्हणता येईल.

समीक्षेपुढील कार्य त्यामुळे दुहेरी आहे. नव्या क्वीअर लेखनाचे वाचन पात्रांच्या ओढीपाशी न थांबविता त्यांच्या चुलीपर्यंत नेणे, हे एक. आणि कोकणातील चाकरमानी जीवनाचे, वसतिगृहांचे, बिऱ्हाडांचे जे विपुल चित्रण मराठीत आधीच आहे, ते या प्रश्नांच्या प्रकाशात पुन्हा तपासणे, हे दुसरे. त्या खोल्यांतील सोबत्यांनी एकमेकांसाठी जे केले ते कोणत्या नात्याने केले, हे विचारण्यासाठी कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावण्याची गरज नाही. खोलीचे भाडे कोण भरीत होते, आजाऱ्याला पेज कोण करून घालीत होते आणि मागे राहिलेली ट्रंक गावी कोणी पोचविली, एवढे विचारले तरी पुरेसे आहे.