अमेरिकेचा प्रवास आणि गोळ्यांच्या वेळा

मस्तगड भागातील माझ्या दवाखान्यात मुला-मुलीकडे अमेरिकेला निघालेले साठीपुढचे आईवडील हल्ली वरचेवर येतात. तिकीट पुढे करून विचारतात, "डॉक्टर, रात्री एकला मुंबई सोडायची, सकाळी साडेसातला न्यूयॉर्क. म्हणजे साडेसहाच तास ना?"

तसे नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जालना-मुंबईच्या जवळजवळ तीसपट आहे. मध्ये न थांबणाऱ्या विमानालाही १५ ते १६ तास लागतात. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, म्हणून तिकिटावर वेळ कमी दिसतो.

मधुमेही रुग्णाला हाच हिशेब नडतो. समजा, दिवसातून एकदाची गोळी त्याने भारतीय वेळेप्रमाणे सकाळी आठला विमानात घेतली. उतरल्यावर तिथेही सकाळच! नाश्त्याबरोबर आठला पुन्हा गोळी घेतली, तर दोन गोळ्यांत २४ ऐवजी साडेनऊच तासांचे अंतर पडते. साखर एकदम उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. गोळी भिंतीवरचे घड्याळ पाहून नव्हे, मागच्या गोळीला किती तास झाले ते मोजून घ्यावी. त्यासाठी एक मनगटी घड्याळ पहिले दोन दिवस भारतीय वेळेवरच ठेवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जातानाचा आणि येतानाचा डोस आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा, कारण जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो.

दुसरा धोका पायांचा. पोटरीचे स्नायू हलले नाहीत तर शिरांतले रक्त साकळते आणि गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका दुपटीच्या आसपास जातो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे. निरोगी माणसाच्या बाबतीत तो मुळातच कमी असतो. मात्र पूर्वी गुठळी झालेल्यांनी किंवा नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी विचारल्याशिवाय निघू नये. आपल्या बायका विमानातल्या चिंचोळ्या संडासात साडी सावरायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. हे अगदी चूक. कडेची जागा मागून घ्यावी, पाणी प्यावे, तासा-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. झोपेची गोळी नकोच.

विमानातील हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणून हृदयाच्या व दम्याच्या रुग्णांनी आधी तपासून घेतलेले बरे.

झोपेचे चक्र साधारण रोज एका तासाने सरकते. परतल्यावर आठवडाभर मध्यरात्री जाग येत असेल तर घाबरू नये, सकाळच्या उन्हात फिरावे. परंतु प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात. खाली सामानात टाकलेले इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.