खेकडा, भिंग आणि अर्धा मीटर

ओहोटीच्या वेळी कोकणातील एखाद्या सपाट किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांच्या रांगा पसरलेल्या दिसतील. ही रांगोळी काढणारा खेकडा जेमतेम तुमच्या नखाएवढा असतो. त्याच्या प्रजातीचे नाव डोटिला. तो वाळू तोंडात घेतो, कणांना चिकटलेले सूक्ष्म शैवाल व इतर सेंद्रिय पदार्थ खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. भरतीचे पाणी आले की बिळात शिरतो. म्हणजे ओहोटीचे थोडे तास हीच त्याची जेवणाची वेळ!

अशा वेळी कॅमेरा घेऊन तुम्ही धावत गेलात तर काय होईल? खेकडा बिळात जाईल. तुमचे छायाचित्रही गेले आणि त्याचे जेवणही. मग दोन्ही कसे साधावे? त्यासाठी आधी भिंगाचे गणित पाहू.

समजा, कॅमेरा ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा संवेदक असलेला आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर ५० मिमी आहे. खेकड्याची प्रतिमा त्याच्याएवढीच हवी असेल, तर भिंगाच्या सूत्राप्रमाणे भिंग त्याच्यापासून १०० मिमीवर, म्हणजे अर्ध्या वितीवर न्यावे लागेल. इतक्या जवळ कोणता खेकडा थांबेल? शिवाय छिद्र एफ/८ ठेवले, तर पुढून मागे सुमारे १ मिमी जाडीचा थरच स्पष्ट उमटतो. डोळे स्पष्ट आले, तर पाय धूसर! छिद्र फार लहान करावे, तर प्रकाश कमी पडतो आणि विवर्तनामुळे सारेच चित्र पुसट होते.

आता थोडी हाव कमी करा. प्रतिमा खेकड्याच्या एकचतुर्थांश असली तरी चालेल, असे ठरवा. अंतर २५० मिमी होते आणि स्पष्ट थर सुमारे १० मिमी. प्रतिमा चौपट लहान झाली, पण थर दहापट जाड झाला! भिंग १०० मिमीचे असेल, तर थर तेवढाच राहून अंतर अर्धा मीटर मिळते. चित्रात खेकडा लहान दिसेल हे खरे. पण त्याचे बीळ आणि गोळ्याही चौकटीत येतील.

मोबाइल असेल तर त्याच्या भिंगापुढे प्रयोगशाळेतील १० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग धरा. १० सेंमीवरील वस्तूपासून निघालेले किरण समांतर होऊन आत शिरतात आणि मोबाइलच्या दृष्टीने ती वस्तू खूप दूर असते. हा प्रयोग रिकाम्या शिंपल्यावर करावा. तो पळत नाही!

आता खेकड्याच्या बाजूने विचार करू. सपाट जागी राहणाऱ्या फिडलर खेकड्यांवरील प्रयोगांत असे आढळले आहे, की क्षितिजरेषेच्या वर काही हलले की ते त्याला शत्रू समजतात. १६० सेंमी उंचीचा विद्यार्थी २ मीटरवर उभा राहिला, तर वाळूलगतच्या डोळ्याला तो क्षितिजाच्या वर सुमारे ३९ अंश दिसेल. तोच पालथा पडला आणि त्याचे डोके ३० सेंमीवर आले, तर हा कोन ९ अंशांहूनही कमी होतो. त्रिकोणमितीने पडताळून पाहा. पालथे पडल्याने कॅमेराही खेकड्याच्या पातळीत येतो आणि स्पष्ट थर त्याच्या अंगावर नेमका बसवता येतो. भिंग आणि खेकडा, दोघांचा सल्ला एकच : पालथे पडा, दूर राहा, थांबा.

जायचे केव्हा? कोकणात जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे कळते. द्वितीयेला ती दुपारी दीड. त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वासातला पूर्ण ओहोटी. पुढे तिरपे ऊन वाळूवर आले की प्रत्येक गोळीची सावली उठून दिसते.

खेकडा बाहेर आला, तरी लगेच बटण दाबू नका. तो पुन्हा खाऊ लागू द्या. चार-पाच नव्या गोळ्या पडल्या की समजा, त्याने तुमची भीती सोडली आहे. मग छायाचित्र घ्या, वहीत तिथी, वेळ आणि अंतर लिहा आणि आलात तसेच सावकाश मागे सरका. खेकड्याला अजून भरतीपूर्वी बरेच खायचे आहे.